घाटाची कमाई, जमिनीचा वाटा
नाणेघाटाच्या माथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा होता, असे परंपरा सांगते. सातवाहनकाळात कोकणातल्या बंदरांचा माल याच वाटेने जुन्नरला चढे. व्यापार वाढला, दानातून लेणी उभी राहिली. जुन्नरजवळच्या मानमोडी लेण्यांतल्या शिलालेखात तर करंज आणि वड लावण्यासाठी श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिकांच्या संघाकडे, शेतजमीन सोपवल्याची नोंद आहे. जमिनीच्या उत्पन्नावर सार्वजनिक काम चालवणे या मुलखाला नवे नाही.

प्रस्तावित पुणे-नाशिक रेल्वेसाठीही हाच विचार व्हावा. नारायणगाव, मंचरला स्थानक आले, तर भोवतालच्या जमिनीचे भाव रेल्वेमुळेच चढतील. हाँगकाँगच्या मेट्रोप्रमाणे त्या वाढीतून खर्च भागवता येईल. यात शेतकरी नागवला जाईल, हा आक्षेप रास्त आहे. प्रकल्पासाठी जमीन गमावणे या भागाने अनुभवले आहे: डिंभे धरणात जुने आंबेगाव गाव बुडाले आहे. म्हणूनच जमीनमालकाला एकरकमी मोबदल्यावर न बोळवता विकासात कायमचा भागीदार करायला हवे.