सी भाषेतील स्थिरांक : मॅक्रो की एनम?

आपल्या मंडळींत सॉफ्टवेअरवाले बरेच, आणि मुलेही कॉलेजात सी शिकतात. म्हणून हेडर फाइलमध्ये स्थिरांक कसे लिहावेत, याची माहिती आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

हॅश-डिफाइनने केलेला मॅक्रो म्हणजे निव्वळ शब्दबदल. कंपाइल होण्याआधीच प्रीप्रोसेसर नावाच्या जागी मजकूर घालतो. कंस न घालता ५ + ३ असा मॅक्रो लिहून त्याला २ ने गुणले, तर उत्तर १६ ऐवजी ११ येते! शिवाय ती हेडर घेणाऱ्या प्रत्येक फाइलमध्ये ते नाव व्हेरिएबलला दिलेले असले, तरी बदलले जाते.

एनम १९८९ च्या प्रमाणित सीमध्येही आहे. त्यात किमती ०, १, २ अशा आपोआप पडतात आणि डीबगरमध्ये नावे दिसतात. स्विचमध्ये एखादी केस राहिली, तर इशारे चालू असल्यास जीसीसी तसे सांगतो.

मात्र स्ट्रिंग, दशांश संख्या आणि हॅश-इफची अट येथे एनम चालत नाही.

सारांश : दिवस, रंग, अवस्था अशा पूर्णांकांच्या गटाला एनम वापरावा, हॅश-इफसाठी मॅक्रो, आणि मॅक्रोत गणित असेल तर कंस विसरू नये.