पुढचा नंबर कुणाचा?

आमच्या घराण्यात वाङ्मयाची गोडी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, असं आत्या पाहुण्यांना सांगते. ते फारसं खरं मानू नये. आजीला गोडी होती ती वसुलीची. गिरगावातल्या चाळीत तिने मासिकांची भिशी सुरू केली ती दुसरं महायुद्ध ऐन भरात असताना. कागदावर सरकारी नियंत्रण, रेशनची रांग, आणि त्यात एकेका बिऱ्हाडाने स्वतंत्र मासिक लावणं म्हणजे चैनच. मग मजल्यावरच्या बायकांनी वर्गणी काढली आणि ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ असे अंक सामाईकात यायला लागले. ‘स्त्री’ 1930 पासून निघत होतं, तरी ते घरात नको म्हणणारे एक सासरे त्याच मजल्यावर होते. त्यांच्या सुनेकडे अंक जाई तो डाळीच्या डब्यातून.

वाचनालयं काय, होतीच. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर 1848 चं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1898 चं. पण वाचनालय उघडं असायच्या वेळीच नेमकं नळाला पाणी यायचं नाहीतर चुलीवर भात असायचा. बायकांनी वाचायचं तर पुस्तकानेच दारात यायला हवं, एवढा साधा हिशेब.

नवा अंक आला की आजी त्याला खाकी कागदाचं कव्हर घाली, दाभणाने टोचून पाठीला दोरा घाली आणि कव्हरच्या आतल्या बाजूला बिऱ्हाडांची यादी लिही. नावापुढे तारखेची जागा मोकळी. चार दिवस ठेवायचा, पाचव्या दिवशी पुढच्या घरी. उशीर झाला तर एक आणा दंड. यादीत जिचं नाव शेवटी, तिला अंक कायमचा मिळे. आणि या महिन्याची पहिली पुढच्या महिन्यात तळाशी जाई. म्हणजे एकदा कोरा करकरीत अंक आधी वाचायचं सुख, एकदा मळका का होईना पण आपल्या मालकीचा. ही अक्कल आजीचीच, असं आत्याचं ठाम मत. मला वाटतं ती भांड्यांच्या भिशीतून उचललेली असावी.

तळाच्या घरी पोचेपर्यंत अंकाची जी दशा होई, ती आत्याच्या तोंडून ऐकावी. पानांवर हळदीची बोटं, शब्दकोडं पेन्सिलीऐवजी शाईने सोडवलेलं, पाककृतीच्या जागी कात्रीने कापलेली चौकोनी खिडकी. त्या कात्रीवरून दोन बिऱ्हाडांत अख्खा चातुर्मास अबोला होता. दुसरा गुन्हा नळावरचा. क्रमशः गोष्टीत पुढे काय झालं ते पहिल्या नंबरवाल्या बाईने कळशी भरता भरता फोडलं, तर तळाच्या बाईचा महिना वाया. आजीने त्यालाही आणा लावला. तो वसूल करणं अवघड होतं, कारण साक्षीदार बायकांना पुढची गोष्ट हवीच असे!

या बायका वाचत होत्या त्याचं निम्मं श्रेय मी लेखकांना देईन, निम्मं पुढच्या बिऱ्हाडाला. पाचव्या दिवशी शेजारीण दारात उभी राहणार, या धाकाने रात्री कंदिलाच्या उजेडात पानं उलटली जात.

दिवाळीचा थाट वेगळा. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठी माणसाला फराळासोबत वाचायची सवय लागली. दिवाळीची वर्गणी निराळी निघे आणि अंक शिमग्यापर्यंत फिरत. अनंत अंतरकरांचे ‘हंस’, ‘मोहिनी’, ‘नवल’ यांवर उड्या पडत. पण खरी झोंबाझोंबी मधुकर पाटकरांच्या ‘आवाज’वर. त्यातली खिडकीचित्रं चावट, म्हणून तो अंक मुलांपासून लपवायचा असा ठराव होता. तळाच्या घरी तो येई तेव्हा खिडक्यांच्या झडपा लोंबकळत असत. इतक्या घरांतल्या वडीलधाऱ्यांनी त्या किती वेळा उघडून पाहिल्या असतील, कोण जाणे.

‘सत्यकथा’ निघे खटाववाडीतून, म्हणजे चाळीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. ते वाचणाऱ्या दोघी-तिघीच. बाकीच्या नंबर चुकवायला नको म्हणून चार दिवस उशाशी ठेवत. 1969 साली राजा ढाले आणि त्यांच्या दोस्तांनी तिथेच ‘सत्यकथे’ची होळी केली. लघु अनियतकालिकांचा तो जमाना. प्रस्थापितांवर राग होता आणि तो राग बराचसा रास्त होता. चाळीत बातमी पोचल्यावर आजीने विचारलं, “आपला नंबरातला नव्हे ना?”

मग 2 ऑक्टोबर 1972 ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. ज्या खोलीत संच आला तिथे अख्खा मजला गोळा व्हायला लागला आणि आजीचा दंडाचा डबा अचानक जड झाला. परळला दिलेल्या आत्याकडची हकीगत निराळी. तिथली मंडळी पुरुषांची, पाळीवरून आल्यावर एकाने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं अशी. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर बसले. वर्गणी मागायला जायची कुणाची छाती होईना. माणसं कोकणात, घाटावर आपापल्या गावी गेली. सोबत अंकही गेले, ते परतले नाहीत. आत्या एरवी कुठलीही गोष्ट तिखटमीठ लावून सांगते. ही मात्र दोन वाक्यांत आटपते. त्याच वर्षी ‘सत्यकथा’ही बंद पडलं.

आई लग्न होऊन डोंबिवलीला आली आणि सासूची यादी तिने लोकलच्या बायकांच्या डब्यात नेली. खाकी कव्हर तेच, दंड रुपयाचा. गाडी चुकली की नंबर चुकला. भाजी निवडत ऐकणाऱ्यांसाठी एकीने मोठ्याने वाचायचं, हा परळचा रिवाज इथे कसा आला ते आईलाही सांगता येत नाही.

नाशिकच्या मावसबहिणीने ‘ग्रंथ तुमच्या दारी’ची पेटी घरी ठेवली, तेव्हा आई मुद्दाम बघायला गेली. विनायक रानडे यांनी कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे 2009 मध्ये सुरू केलेली ही योजना दुबईपर्यंत गेली आहे: पुस्तकांची पेटी एका गटाकडे, काही महिन्यांनी पेट्यांची अदलाबदल. आईचा पहिला प्रश्न, “उशीर झाला तर दंड किती?”

2020 च्या टाळेबंदीत लोकल बंद, डबा बंद. भिशी आमच्या सोसायटीत आली. दिवाळीत अंक तीन दिवस गॅलरीत उन्हात पडून राही, मग पुढच्या दारात. कुणीतरी उत्साहाने व्हॉट्सॅपवर सगळ्या अंकांच्या पीडीएफ टाकल्या. फुकट, कधीही वाचा, परत द्यायची कटकट नाही. त्या कुणीच वाचल्या नाहीत, टाकणाऱ्यानेसुद्धा.

सध्या यादीत तळमजल्यावरचे एक आजोबा आहेत. दृष्टी गेलेली, त्यांची नात रात्री थोडं वाचून दाखवते. त्यांना निवडक गोष्टी मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवू, अंक थेट वरच्या मजल्यावर जाऊ दे, असं मीटिंगमध्ये निघालं. आजोबा भडकले. वर्गणी पूर्ण भरलीय, म्हणाले, नंबर का गाळता? गाळला नाही. नातीची परीक्षा असली की अंक त्यांच्याकडे आठवडाभर अडकतो आणि आई त्यांच्याकडूनही दंड घेते.