सुक्या लाकडात मुंगळे की वाळवी? असं ओळखा

बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, आरेतले पाडे, मुलुंडच्या डोंगराकडच्या वस्त्या. इथं वाळलेलं खोड फोडलं की कधी कधी आतून काळे मुंगळे भराभर बाहेर पडतात. ‘यांनीच लाकूड खाल्लं’ म्हणत काहीजण लगेच औषध फवारतात. पण मुंगळा लाकूड खात नाही. पाणी मुरून, बुरशी लागून मऊ झालेलं लाकूड तो पोखरतो आणि त्यात राहतो.

मुंगळ्यांच्या या गटाला सुतार मुंग्या म्हणतात. शास्त्रीय नाव कॅम्पोनोटस. जगात त्यांच्या हजाराहून जास्त जाती आहेत. आपल्याकडचा नेहमीचा मोठा काळा मुंगळा (काही भागात डोंगळा) बहुतेक वेळा झाडाच्या बुंध्याशी जमिनीत घर करतो. मावा किडीचा गोड रस मिळवायला तो खोडावर चढतो. त्यामुळे खोडावर रांग दिसली म्हणजे घर लाकडातच आहे, असं नाही.

मुंगळ्याची खूण
- कंबर बारीक, तिच्यावर एकच गाठ. पाठ बाजूनं पाहिली तर सलग गोलाकार.
- मिशा कोपरासारख्या वाकलेल्या.
- एकाच घरात लहान-मोठे मुंगळे, मोठ्यांचं डोकं जाड.
- नांगी नसते, पण कडकडून चावतो.
- लाकडातल्या वाटा गुळगुळीत, स्वच्छ. भोकाखाली मोकळा भुसा, त्यात मेलेल्या किड्यांचे तुकडे.

वाळवीची खूण
- अंग फिकट, मऊ. कंबर जाड, मिशा सरळ.
- खोडावर मातीचे पापुद्रे किंवा नळ्या, पोखरलेल्या जागेत माती.
- घरातल्या कोरड्या फर्निचरखाली खसखशीसारखे कडक दाणे पडले, तर ती सुक्या लाकडातली वाळवी.

पावसाळ्यात पंखवाले किडे दिव्याभोवती आले तर पंख बघा. चारही सारखे असतील तर वाळवी, पुढचे मोठे असतील तर मुंगळे.

मग करायचं काय?
लाकडात मुंगळ्यांचं घर सापडलं, तर तिथं लाकूड आधीच कुजलंय हे ध्यानात घ्या. अशी फांदी घरावर किंवा वाटेवर झुकलेली असेल तर पावसाआधी पालिकेच्या उद्यान विभागाला कळवा. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. घराच्या चौकटीत मुंगळे निघाले तर आधी गळती बंद करा, कुजलेला तुकडा बदला. नुसत्या फवारणीनं ओल जात नाही.

जंगलातलं पडलेलं खोड मात्र तसंच राहू द्या. त्यातले मुंगळे सुतार पक्ष्यांचं खाणं आहे.