कापडवाल्याची साक्ष

हॉलंडातील डेल्फ्ट गावचा आंतोनी लेवेनहूक हा कापडाचा व्यापारी. लॅटिन त्याला येत नव्हते. विद्यापीठाची पायरी तो चढला नव्हता. स्वतः घासलेल्या भिंगातून १६७४ साली त्याने तळ्याच्या पाण्यातले एकपेशीय जीव पाहिले. १६७६ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला त्याने सविस्तर पत्र धाडले, तेव्हा विद्वानांना ते खरे वाटेना. त्याने आठ प्रतिष्ठितांच्या साक्षी पाठविल्या. पण निकाल लागला तो नोव्हेंबर १६७७ मध्ये, रॉबर्ट हूकने मिरी भिजविलेल्या पाण्यात तसेच जीव सभेला दाखविले तेव्हा! १६८० साली सोसायटीने त्याला सभासद करून घेतले. माणसाची पदवी न विचारता त्याचे म्हणणे पारखून पाहावे, हे शास्त्राचे ब्रीद. आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना ते म्हणूनच आपले वाटते.