परतीचे दोर कोणाचे?

मुलगा स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी पुण्याला निघाला, की यवतमाळच्या बसस्थानकावर निरोप द्यायला आलेले एखादे काका हमखास सांगतात, ‘‘आता परतीचे दोर कापून टाक बरं!’’ काकांचा हेतू चांगलाच असतो. पण हे दोर मुळात कोणी कापले, कोणासाठी कापले, हे आज पाहू या.

गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलो. ४ फेब्रुवारी १६७० ची रात्र. कोंढाण्यावर उदयभानाशी लढताना तानाजी मालुसरे पडले. मावळ्यांचा धीर सुटला, ते कड्याकडे धावले. तेव्हा तानाजींचे बंधू सूर्याजी आडवे आले आणि म्हणाले, दोर कापलेत, आता लढल्याशिवाय गत्यंतर नाही. मावळे फिरले आणि गड हाती आला.

जुने लिखाण काय सांगते? कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत दोघे मावळे वानरासारखे कडा चढल्याचे, मग माळ लावून बाकीचे वर गेल्याचे वर्णन आहे. तानाजी पडल्यावर सूर्याजीने हिंमत करून लोक सावरले, हेही आहे. दोर कापल्याचा प्रसंग मात्र नाही. ग्रँट डफच्या १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या इतिहासात सूर्याजी ‘दोर उरलेले नाहीत’ असे सांगताना दिसतो. दोर खरेच कापले असोत वा नसोत, एक गोष्ट कोणीच नाकारत नाही. सूर्याजी स्वतः गडावरच होता. दोर तुटले ते त्याचेही तुटले.

गंमत म्हणजे चिनी भाषेत याच अर्थाचा चार अक्षरी वाक्प्रचार आहे : ‘पो फू छन जोउ’, म्हणजे हंडे फोडा, नावा बुडवा. इ.स.पूर्व २०७ मध्ये श्यांग यू हा सेनापती छिन साम्राज्याच्या फौजेशी लढायला नदी उतरून गेला. पलीकडे जाताच त्याने नावा बुडवल्या, स्वयंपाकाची भांडी फोडली आणि सैनिकांजवळ फक्त तीन दिवसांची शिधासामग्री ठेवली. जिंकलात तर जेवाल, हा त्याचा अर्थ! सैन्य जिवावर उदार होऊन लढले आणि जिंकले. सीमा छियेन या इतिहासकाराने ही हकीकत लिहून ठेवली. नदी उतरलेल्यांत श्यांग यू स्वतःही होता.

याच्या अगदी उलट चित्र आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली आणि दुसऱ्या बाजीरावाने पुणे सोडले. इंग्रज पाठीशी आणि पेशवे पुढे, अशी महिनोन्‌महिने धावपळ चालली. चांद्याच्या रोखाने जाताना १७ एप्रिल १८१८ रोजी पांढरकवड्याजवळ कर्नल ॲडम्सने त्यांना गाठले. फौज मोडली, पेशवे निसटले. जूनमध्ये ते माल्कमच्या स्वाधीन झाले आणि वर्षाला आठ लाखांच्या तनख्यावर बिठूरला गेले. त्यांच्यामागे लढणाऱ्या साध्या शिपायांना कुठला तनखा? लोकभाषेने मग आपला निवाडा दिला, एकाच शब्दात : ‘पळपुटा’.

आता श्यांग यूचा शेवट ऐका. इ.स.पूर्व २०२ मध्ये तो हरला आणि नदीकाठी पोहोचला. नाव तयार होती, नावाडी ‘चला’ म्हणत होता. श्यांग यू चढला नाही. गावाकडची आठ हजार पोरे माझ्याबरोबर आली, त्यांतले एकही परतले नाही. त्यांच्या आईबापांना कोणत्या तोंडाने भेटू, असे तो म्हणाला आणि तिथेच मेला. एकेकाळी नावा बुडवणाऱ्याला बुडवलेल्या नावांचा हिशेब शेवटी असा द्यावा लागला.

म्हणून बसस्थानकावरच्या काकांना एवढेच सांगावेसे वाटते. दोर कापायला सांगणारा स्वतः गडावर असला, तरच त्या शब्दाला वजन येते. आपण खाली सुखरूप उभे असू, तर पोराला म्हणावे, ‘‘मन लावून लढ, पण दोर आम्ही धरून ठेवलाय, केव्हाही ये.’’

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)