मिक्सरवरचा दिवा

शाळेच्या स्नेहसंमेलनात नाटक सुरू होताना सभागृहातले दिवे मालवले जातात आणि त्याच क्षणी मागे बसलेल्या एका माणसाची पंचाईत होते. तो माणूस म्हणजे मिक्सर चालवणारा. (हा मिक्सर स्वयंपाकघरातला नव्हे, अनेक माइकचे आवाज कमीजास्त करून एकत्र करणारा.) त्याच्यासमोर ओळीने नॉब असतात, फेडरच्या दांड्या असतात, खाली चिकटपट्टीवर पेनने लिहिलेली पात्रांची नावे असतात आणि यातले काहीच त्याला दिसत नाही. मग कोणी दातात टॉर्च धरतो, तर कोणी मोबाइल पेटवून शेवटच्या रांगेतल्या पालकांची बोलणी खातो.

आमच्या छंद मंडळाच्या मुलांनी यावर उपाय म्हणून एक एल.ई.डी.चा दिवा बनवला. डब्यात लाल एल.ई.डी. शिल्लक होते म्हणून तो लाल झाला. कल्पना वाईट नव्हती. अंधाराला सरावलेले डोळे गडद लाल प्रकाशाने फारसे दिपत नाहीत, म्हणून जहाजांवर असा प्रकाश वापरला गेला आहे. पण तालमीच्या दिवशी दिवा लावला आणि मिक्सर चालवणारे काका हसू लागले. लाल टोपीचे नॉब आणि पांढऱ्या टोपीचे नॉब अगदी सारखे दिसत होते. निळे आणि हिरवे दोन्ही काळे पडले होते. लाल शाईने लिहिलेली नावे तर पट्टीवरून नाहीशीच झाली होती. वर्गात आपण शिकवतो की वस्तूचा रंग म्हणजे तिने परावर्तित केलेला प्रकाश. तो पाठ मुलांना त्या दिवशी आयताच मिळाला.

‘‘मग पांढरे लावू,’’ असे एक मुलगी म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी दुकानातून चार पांढरे एल.ई.डी. घेऊन आली. ते इतक्या सहज मिळाले, की त्यांच्यामागे जवळजवळ नव्वद वर्षांची खटपट आहे हे मुलांच्या गावीही नव्हते. अडचण पांढऱ्याची नव्हतीच, अडचण होती निळ्याची.

ही कथा १९०७ पासून सुरू होते. हेन्री जोसेफ राउंड हा इंग्रज अभियंता मार्कोनीच्या कंपनीत होता. त्या काळी बिनतारी संदेश पकडण्यासाठी स्फटिकावर बारीक तार टेकवत. राउंड कार्बोरंडमच्या, म्हणजे धार लावण्याच्या चाकात असतो त्या पदार्थाच्या, स्फटिकांची तपासणी करत होता. त्यातल्या एकदोन तुकड्यांना दहा व्होल्टचा दाब देताच ते पिवळसर उजळले. ११० व्होल्ट दिल्यावर आणखी बरेच उजळले, काही हिरवे, काही नारिंगी, काही निळेदेखील. त्याने एका नियतकालिकाला छोटेसे पत्र पाठवले आणि विषय तिथेच थांबला. राउंडला दोष देण्यात अर्थ नाही. अर्धवाहक म्हणजे काय हे सांगणारे भौतिकशास्त्रच तेव्हा जन्माला आले नव्हते.

यानंतरचा माणूस मात्र मला फार मोठा वाटतो. ओलेग लोसेव्ह. जन्म १९०३, रशियातल्या त्वेर गावचा. विद्यापीठाची रीतसर पदवी नाही. निझनी नोव्हगोरोदच्या रेडिओ प्रयोगशाळेत तंत्रज्ञ. त्यालाही १९२३ च्या सुमारास कार्बोरंडम चमकताना दिसला. पण त्याने नुसते पाहून सोडून दिले नाही. हा प्रकाश तापल्यामुळे तर येत नसेल? त्याने चमकणाऱ्या जागेवर बेन्झीनचा थेंब टाकला. बेन्झीन लवकर उडून जाते. पण तो थेंब थंड पृष्ठभागावर उडावा तितक्याच संथपणे उडाला. म्हणजे तार तापून उजेड देणाऱ्या बल्बशी या प्रकाशाचे नाते नव्हते. आइनस्टाइनने सांगितलेल्या प्रकाशविद्युत परिणामाचा हा उलटा परिणाम असावा, असे लोसेव्हने मांडले. हा प्रकाश फार वेगाने चालू-बंद करता येतो हे ओळखून त्याने संदेशवहनासाठी त्याचे पेटंटही घेतले. एका थेंबाने एवढा मोठा प्रश्न निकालात काढणारा हा प्रयोग पाठ्यपुस्तकात का नाही, याचे मला नेहमी नवल वाटते. १९३८ मध्ये त्याला प्रबंधाशिवाय संशोधनाची पदवी मिळाली. १९४२ मध्ये लेनिनग्राडच्या वेढ्यात तो उपासमारीने मरण पावला. तेव्हा तो अवघा ३८ वर्षांचा होता.

युद्धानंतर ट्रान्झिस्टर आला आणि अर्धवाहकांचे गणित उलगडले. एन-प्रकारच्या भागातले इलेक्ट्रॉन आणि पी-प्रकारच्या भागातले होल संधीपाशी एकमेकांना भेटतात आणि इलेक्ट्रॉनची सुटलेली ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते. ती ऊर्जा किती, हे पदार्थाच्या ऊर्जा-अंतरावर ठरते. अंतर लहान तर लाल किंवा अवरक्त, मोठे तर निळा. १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये निक होलोन्याक यांनी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत गॅलियम, आर्सेनिक आणि फॉस्फरस यांचे मिश्रण वापरून डोळ्यांना दिसणारा लाल प्रकाश मिळवला. कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्या स्थलांतरिताचा हा मुलगा. पुढच्याच वर्षी ‘रीडर्स डायजेस्ट’मध्ये त्यांचे भाकीत छापून आले, की एक दिवस हे दिवे बल्बची जागा घेतील. १९७२ मध्ये त्यांचेच विद्यार्थी जॉर्ज क्रॅफर्ड यांनी पिवळा एल.ई.डी. केला. पिवळट हिरवाही आला. जुन्या मिक्सरवर आवाजाची पातळी दाखवणारे हिरवे, पिवळे, लाल ठिपके पाहा. ही सगळी त्या पिढीची कमाई. त्या फलकावर निळा ठिपका शोधूनही सापडत नाही.

कारण निळ्यासाठी लागणारा गॅलियम नायट्राइड हा फारच हट्टी पदार्थ. त्याचे चांगले स्फटिक वाढत नसत. नीलमण्याच्या चकतीवर वाढवावे तर दोघांच्या अणूंच्या रचनेचा मेळ बसत नसे आणि थराला भेगा जात. आणि पी-प्रकार तर कोणालाच जमेना. मॅग्नेशियम मिसळूनही होल मिळत नसत. बहुतेकांनी नाद सोडून झिंक सेलेनाइडची वाट धरली. १९८९ मध्ये कार्बोरंडमचेच निळे एल.ई.डी. बाजारात आले, पण त्यांचा प्रकाश अगदी मिणमिणता होता.

जपानमध्ये नागोया विद्यापीठात इसामु आकासाकी आणि त्यांचे विद्यार्थी हिरोशी अमानो यांनी मात्र गॅलियम नायट्राइड सोडला नाही. १९८६ मध्ये त्यांनी नीलमण्यावर आधी ॲल्युमिनियम नायट्राइडचा पातळ थर दिला आणि त्यावर स्वच्छ स्फटिक वाढवले. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली नमुना पाहत असताना तो पाहता पाहता अधिक उजळतो, असे त्यांच्या ध्यानात आले. इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने पी-प्रकार तयार होत होता! असे का होते, हे शिकोकू बेटावरच्या निचिया या रसायन कंपनीतल्या शुजी नाकामुरा यांनी १९९२ मध्ये उलगडले. स्फटिक वाढवताना वापरलेल्या अमोनियातला हायड्रोजन मॅग्नेशियमला चिकटून बसे आणि त्याला कामच करू देत नसे. नुसते तापवूनही हा हायड्रोजन निघून जातो. इतकी वर्षे जगभरच्या प्रयोगशाळा अडल्या होत्या त्या आवर्तसारणीतल्या पहिल्या, सर्वांत हलक्या अणूपाशी. नोव्हेंबर १९९३ मध्ये प्रखर निळा एल.ई.डी. जाहीर झाला, १९९६ मध्ये त्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या भुकटीचा लेप देऊन पांढरा, आणि २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल या तिघांना मिळाले.

आता आमच्या दिव्याकडे वळू. अनेक मिक्सरवर दिव्यासाठी १२ व्होल्टचे बूच असते. प्रथम मल्टिमीटरने पाहावे, कारण काहींवर तिथे एकदिश नव्हे तर प्रत्यावर्ती दाब मिळतो. तसे असेल तर हे मंडल जोडू नये. पांढऱ्या एल.ई.डी.ला सुमारे ३.२ व्होल्ट लागतात. तीन एकसर जोडले की ९.६ व्होल्ट झाले, उरलेले २.४ व्होल्ट रोधावर पडू द्यायचे. प्रवाह २० मिलिअँपिअर हवा, म्हणून रोध १२० ओहम. (चौथा एल.ई.डी. उरतो, तो मापनाला उपयोगी पडतो.) सारा खर्च पाव वॉटहून कमी, पूर्वी अशा दिव्यात पाच वॉटचा बल्ब असे. उजेड कमीजास्त करायचा तर बदलता रोध एकसर लावावा. बाजारातले स्वस्त डिमर दिवा वेगाने चालू-बंद करून उजेड कमी करतात आणि ती उघडझाप भोंग्यातून गुणगुण होऊन ऐकू येते. आमच्या मुलांनी आधी तसाच डिमर लावला होता. नायिकेच्या स्वगताच्या वेळी भुंगा आला! शेवटी हवी तशी वळवता येणारी लवचीक नळी आणि टोकाला आतून काळा केलेला पत्र्याचा छोटा डबा, म्हणजे उजेड नॉबवर पडतो, प्रेक्षकांच्या डोळ्यांत जात नाही.

उरलेल्या चौथ्या एल.ई.डी.वर मुलांनी वहीत एक तक्ता केला. प्रत्येक रंगाचा एल.ई.डी. योग्य रोधासह पेटवून त्याच्या दोन टोकांमधला दाब मोजला. लाल १.९ व्होल्ट, पिवळा २.०, निळा ३.१. पांढऱ्यासमोर आकडा आला ३.१. ‘‘सर, निळ्याइतकाच कसा?’’ मी उत्तर दिले नाही. पेटलेला पांढरा एल.ई.डी. विझवून त्यात वाकून पाहायला सांगितले. आत पिवळी टिकली दिसत होती.