कोतवाल बुकातला पणजा

बुलडाणा जिल्ह्याचा इतिहास लिहिणारे सिंदखेडराजाच्या वाड्यात शिरतात, लोणारच्या देवळांत फिरतात आणि वही मिटतात. वाड्याचे दगड कुणी वाहिले हे त्यांना सुचत नाही. सुचावं तरी कसं? आपले आजे-पणजे गावकुसाबाहेर होते.

पण दोस्तहो, त्यांची नोंद आहे. तहसीलच्या रेकॉर्डात, फडक्यात बांधलेली. जातपडताळणीसाठी आपली पोरं तिथं जातात, १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा एखादा कागद हुडकतात, नक्कल घेतात नि निघतात. १९५६ साली जो शब्द आपण फेकला, तोच कागदावर सापडला की जीव भांड्यात पडतो! त्यावर पुन्हा कधी लिहीन. सध्या एवढंच म्हणतो, नक्कल घ्या, पण पान पुरतं वाचा.

मी पणजाचं पान वाचलं. मोडीत होतं, एका जाणत्याकडून लावून घेतलं. साल १९१८, महिना ऑक्टोबर. नाव एकेरी, शेवटी 'या'. पुढं वल्द, मग जात. वय अदमासे चाळीस. कारण: ताप. हा ताप म्हणजे इन्फ्लूएंझा. त्या साली मध्यप्रांत-वऱ्हाडात त्यानं घरंच्या घरं रिकामी केली. वरपासून खालपर्यंत ताप, ताप, ताप. पाटलाच्या भावकीतलंही एक नाव आहे, त्याला 'राव' लावलंय. ताप एकच, नावाची शेपटी वेगळी.

आता हे बुक काय होतं? गावात कोण जन्मलं, कोण मेलं याचा कागद ठाण्यावर पोचवावा लागे. लिहिणारा दुसरा, चालणारा आपला. वऱ्हाडात त्याला कामदार महार म्हणत. शिवेचा तंटा निघाला की साक्ष त्याची, साहेब आला की वाट दाखवायला तो, ढोर मेलं की ओढायला तो. बदल्यात खळ्यावरचं मूठपसा धान्य. बेदरच्या बादशहानं बावन्न हक्क दिले, असं आमची म्हातारी माणसं ऐटीत सांगत. बावन्न हक्क नि पोटाला शिळं! १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं बिल मांडलं, ते असल्या हक्कांची गाठ सोडवायला. वऱ्हाड मुंबई इलाख्यात नव्हतं, १९०३ पासून मध्यप्रांताला जोडलेलं. वेठ मात्र तीच.

आमच्या घरात ही पाळी होती, आजी सांगे. म्हणजे जो कागद पणजानं जन्मभर नेला त्यातलं एक अक्षर त्याला लागत नव्हतं. आणि तो मेला त्या खेपेचा कागद त्याच्या पोरानं, माझ्या आजानं नेला. बारा-तेरा वर्षांचा पोर. बापाचं मरण फडक्यात बांधून ठाण्यावर गेला, वर उशीर झाला म्हणून शिव्या खाल्ल्या.

पणजीचं काय? जन्माच्या पानांवर तिची चार बाळंतपणं सापडली. मुलगा, मुलगी, मुलगा, मुलगा. समोर बापाचं नाव. जिनं पोटात वाहिलं तिच्यासाठी रकानाच नाही. म्हाताऱ्या आत्याला विचारलं तर म्हणाली, "कायले उकरून राह्यला बाप्पा? तिले समदे मायच म्हनत." तिसऱ्या खेपेला मात्र तिनं नाव सांगितलं. ते मी घरच्या वहीत पणजाच्या शेजारी लिहिलंय.

तुमच्याकडं अशी एखादी आत्या, मावशी जिती असेल तर तहसीलीआधी तिच्याकडं जा. आणि खामगाव, जळगाव जामोदकडच्यांनी ध्यानात ठेवा: १९०५ पूर्वी ते तालुके अकोला जिल्ह्यात होते. जुन्या दप्तराची चौकशी अकोल्यालाही करा.